संगणकीय जीवशास्त्रज्ञ (जीनोमविज्ञान)

सजीवांच्या डीएनएची अक्षरे संगणकावर जुळवून त्यांचा अर्थ लावणारा संशोधक. यंत्र डीएनए सलग वाचत नाही. हाती पडतात ते कोट्यवधी तुकडे. ते जोडणे, त्यांतली जनुके ओळखणे आणि दोन नमुन्यांतला फरक खरा की यंत्राची चूक हे ठरवणे, हे त्याचे काम. पायथन, आर या संगणकाच्या भाषा रोजच्या वापरातल्या. पांढरा कोट क्वचितच लागतो.

कोकणात या विद्येला आयता विषय आहे तो आंब्याचा. २०२० साली प्रसिद्ध झालेला आंब्याचा जीनोम, म्हणजे त्याचा संपूर्ण डीएनए (सुमारे ३९ कोटी अक्षरजोड्या, २० गुणसूत्र-जोड्या) हापूसचाच होता, पण तो जुळवला मुख्यतः चीनमधील संशोधकांनी. बागायतदाराला मात्र सतावतो तो साका : वरून निर्दोष फळ कापले की आत पांढुरका, आंबूस, स्पंजासारखा गर. कोय फळातच रुजू पाहते, हे त्याचे एक कारण मानले जाते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून झालेल्या ‘रत्ना’त साका होत नाही. तिघांचे जीनोम शेजारी ठेवून ही देणगी कोणत्या जनुकांची ते शोधता येते. तशी जनुकीय खूण हाती आली, तर फळ धरेपर्यंत वर्षानुवर्षे न थांबता रोपाचे पान तपासूनच निवड करता येईल.

रत्नागिरीत बीएस्सी केलेल्याला पुढे घाट चढावा लागतो. पुणे विद्यापीठात १९८७ पासून जैवमाहितीशास्त्राचे केंद्र आहे. मग नेट किंवा गेट ही राष्ट्रीय परीक्षा, पाच-सहा वर्षांची पीएचडी (२०२३ पासून छात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये, दोन वर्षांनंतर ४२,०००) आणि बहुधा परदेशात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचे तात्पुरते संशोधनपद. खरी अडचण नावाच्या जागेची. नमुने दुसऱ्याचे असल्याने शोधनिबंधात विश्लेषकाचे नाव अनेकदा मधोमध अडकते. निवड समिती पाहते पहिले आणि शेवटचे. म्हणून स्वतःची पद्धत किंवा सॉफ्टवेअर काढण्याकडे अनेकांचा कल असतो. प्राध्यापकपद मिळाले की कोड विद्यार्थी लिहितात, आपण अनुदानाचे प्रस्ताव.

घाट न चढता हे काम करायचे, तर रायगड जिल्ह्यात खारघरला टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक आहे. तिथे जीनोम वाचले जातात ते कर्करोगाचे.