पार्श्वभूमी: ‘स्थितिज’ म्हणजे ‘स्थिर’ नव्हे

आकाशात घिरट्या घालणाऱ्या घारीची स्थितिज ऊर्जा किती, असे वर्गात विचारले की ‘शून्य’ हे उत्तर हमखास येते. घार हलते आहे, म्हणजे तिची ऊर्जा गतिज. स्थितिज ऊर्जा असते ती स्थिर वस्तूची, असा त्यामागचा हिशेब. घार एक किलोची धरली, ती ५० मीटर उंचीवर सेकंदाला १० मीटर वेगाने उडते आहे असे मानले, तर तिची गतिज, म्हणजे वेगामुळे असलेली, ऊर्जा भरते ५० ज्यूल आणि स्थितिज, म्हणजे उंचीमुळे असलेली, ऊर्जा ४९० ज्यूल. चूक मुलांच्या गणितात नाही. ती शब्दात दडलेली आहे, आणि शब्द कसा घडला हे पाहिल्याशिवाय ती निघत नाही.

गतिज ऊर्जेची कल्पना आधी आली, पण वेगळ्या नावाने. फिरत्या-धावत्या वस्तूतला ‘जोर’ मोजायचा कसा, यावर सतराव्या शतकापासून युरोपात वाद होता. एक पक्ष म्हणे वस्तुमान गुणिले वेग. १६८६ साली लाइपझिगच्या नियतकालिकात एका जर्मन तत्त्वज्ञाने दुसरी बाजू मांडली: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. या राशीला पुढे ‘जिवंत बल’ म्हणू लागले. १७२०च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडनच्या एका प्राध्यापकाने पितळी गोळे मऊ मातीत सोडून पाहिले, आणि १७४० साली एका फ्रेंच विदुषीने आपल्या ग्रंथात वर्गाचीच बाजू हिरिरीने लढवली.

हा मातीचा प्रयोग आजही शाळेत करावा, पण तो नेमका फसतो कुठे हे आधी ठाऊक हवे. सगळे एकच गोटी २५ आणि १०० सेंटिमीटरवरून टाकतात आणि खड्ड्याची खोली मोजतात. उंची चौपट, वेग दुप्पट, आणि खोलीही साधारण दुप्पटच येते. मग वर्ग गेला कुठे? गोल वस्तूने पाडलेला उथळ खड्डा खोल होत जातो तसा रुंदही होतो, म्हणून ऊर्जा खड्ड्याच्या घनफळाशी जुळते, खोलीशी नाही. यावर उपाय लायडनचाच: आकार सारखा ठेवा, वजन बदला आणि खड्डे जुळवा. १६ मिलिमीटर व्यासाची काचेची गोटी सुमारे ५.४ ग्रॅमची असते, तेवढाच पोलादी छर्रा सुमारे १६.७ ग्रॅमचा. छर्रा ३० सेंटिमीटरवरून सोडा, गोटी ९३ सेंटिमीटरवरून. शाडूची माती एकसारखी मळलेली असेल तर दोन्ही खड्डे सारखे पडतात. मातीशी टेकताना छर्ऱ्याचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, गोटीच्या पावणेदोन पट असतो, तरी खड्डा तेवढाच. संवेग आणि ऊर्जा या दोन वेगळ्या राशी आहेत हे इतक्या स्वच्छपणे दुसरा कुठलाही प्रयोग दाखवत नाही. कणीक मात्र वापरू नये. ती परत फुगते आणि खड्डा आक्रसतो.

पुढचे टप्पे थोडक्यात. १८०७ साली लंडनमध्ये छापलेल्या व्याख्यानांत वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग या राशीसाठी ‘एनर्जी’ हा शब्द आला, पण आजच्या सूत्रातला ‘अर्धा’ (½) त्यात नव्हता. तो १८२९ साली एका फ्रेंच अभियंत्याने यंत्रांच्या हिशेबासाठी घातला, म्हणजे बल गुणिले विस्थापन हे कार्य आणि वेगामुळे मिळालेली राशी यांचा मेळ थेट बसावा.

खरा गुंता १८५३चा. ग्लासगोतल्या एका स्कॉटिश अभियंत्याने ऊर्जेचे दोन भाग पाडले: ‘अ‍ॅक्च्युअल’ म्हणजे प्रत्यक्षातली आणि ‘पोटेन्शियल’ म्हणजे अजून प्रकट न झालेली, सुप्त. ही जोडी तत्त्वज्ञानातून आलेली, बी आणि झाड यांच्यासारखी. १८६२ साली दोन ब्रिटिश प्राध्यापकांनी एका लोकप्रिय मासिकातल्या लेखात ‘अ‍ॅक्च्युअल’च्या जागी ‘कायनेटिक’ वापरले. गती हा त्याचा ग्रीक अर्थ नेमका होता, पण जोडी मोडली. एका बाजूला गती, दुसऱ्या बाजूला शक्यता! विरुद्धार्थी नसलेले दोन शब्द तेव्हापासून एकमेकांशेजारी बसले आहेत. ‘पोटेन्शियल’वर टीका झालीच: ऊर्जा जर फक्त शक्यता असेल, तर ती आहे असे म्हणायचे तरी कसे? त्या स्कॉटिश अभियंत्याला १८६७ साली शब्दाच्या बचावासाठी स्वतंत्र टिपण लिहावे लागले. आमच्या मते टीकाकारांचा मुद्दा रास्त होता. तलावातले पाणी खाली येऊन जनित्र फिरवणार असेल, तर ती ऊर्जा वर असतानाही पुरेपूर खरीच आहे. खोपोलीत १९१५ पासून घाटमाथ्यावरचे पाणी नळांतून खाली सोडून वीज केली जाते. सुमारे ५०० मीटरच्या उतरणीत प्रत्येक किलो पाण्यामागे जवळजवळ ४,९०० ज्यूल मिळतात. आणि नळातून धावणाऱ्या पाण्याकडेही, ते तळाशी पोचेपर्यंत, स्थितिज ऊर्जा असतेच.

मराठीने ‘शक्यता’ सोडून दिली आणि ‘स्थिती’ घेतली. हा निर्णय एका अर्थी इंग्रजीपेक्षा सरस आहे. स्थिती म्हणजे जागा आणि स्थिती म्हणजे अवस्था. त्यामुळे माळ्यावर ठेवलेली पाटी आणि ताणलेले रबर, दोन्ही एका शब्दात मावतात. पण दोन गोष्टी हातच्या गेल्या. एक, ‘स्थिर’शी होणारी गल्लत. दुसरी मुलांना दहावीनंतर जाणवते. १८२८ साली इंग्लंडमध्ये विजेच्या गणितात ‘पोटेन्शियल’ हाच शब्द आला होता, म्हणून इंग्रजीत विजेचे पोटेन्शियल आणि पोटेन्शियल ऊर्जा यांचे नाते कानालाच कळते. मराठीत पहिल्याला ‘विभव’ म्हणतात. बॅटरीवरचे १.५ व्होल्ट म्हणजे तिच्या दोन टोकांमधून जाणाऱ्या दर कूलोम (विद्युत प्रभाराचे एकक) प्रभारामागे १.५ ज्यूल स्थितिज ऊर्जेचा फरक, हे मराठी माध्यमातल्या मुलाला शब्दावरून उमगत नाही. ते शिक्षकाने उघड सांगावे लागते.