समोरासमोरच्या त्या दोन कबरी मुद्दाम खोदलेल्या नाहीत

बेल्जियममध्ये माँसजवळच्या सेंट सिम्फोरियन दफनभूमीत जॉन पार आणि जॉर्ज एलिसन समोरासमोर विसावलेत. पहिल्या महायुद्धात लढताना पडलेला पार हा पहिला ब्रिटिश सैनिक मानला जातो, एलिसन शेवटचा. म्हणून त्यांना मुद्दाम असं पुरलं, ही गोष्ट वर्षानुवर्षं फिरतेय. ती खरी नाही. दफनाच्या वेळी पहिला कोण, शेवटचा कोण, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. निव्वळ योगायोग.

खरं तर लक्षात ठेवावी ती माणसं. एलिसन लीड्सचा, 40 वर्षांचा, पूर्वी कोळशाच्या खाणीत राबलेला. 11 नोव्हेंबर 1918 ला युद्धविरामाला जेमतेम दीड तास उरला असताना गेला. घरी बायको हॅना. मुलाचा पाचवा वाढदिवस पाच दिवसांवर आला होता. आणि पारच्या शिळेवर वय 20 कोरलंय, पण त्या पोराने विशीही गाठली नव्हती!