लहान मासेमारी होडी आणि आउटबोर्ड इंजिन : एका अर्धवट जुळलेल्या जोडीची पार्श्वभूमी

लहान मासेमारी होडीची कामगिरी सुधारायची म्हटले की बहुतेकांचे लक्ष आधी इंजिनाच्या अश्वशक्तीकडे जाते. आउटबोर्ड इंजिनाचा, म्हणजे होडीच्या मागच्या काठावर बाहेरून अडकवायच्या इंजिनाचा, इतिहास मात्र वेगळेच सांगतो. हे यंत्र मासेमारीसाठी तयार झालेच नव्हते. हलकी वल्ह्याची होडी ढकलण्यासाठी ते जन्माला आले, वेगाच्या ओढीने वाढले आणि ओझे घेऊन संथ चालणाऱ्या होडीच्या मागे बऱ्याच उशिरा येऊन बसले. इंधन जास्त लागणे, पूर्ण थ्रॉटल देऊनही इंजिनाचे मिनिटाला अपेक्षित फेरे न भरणे, नाळ (होडीचे पुढचे टोक) वर उचलून मागचा भाग पाण्यात बसणे, अशा तक्रारींपैकी बऱ्याच या अर्धवट जुळलेल्या जोडीतूनच आल्या आहेत.

फ्रेंच संशोधक गुस्ताव ट्रूव्हे यांनी १८८१ मध्ये पॅरिसला सीन नदीवर होडीमागे काढता-घालता येणारी विजेची मोटर चालवून दाखवली. पेट्रोलवर चालणारी अशी यंत्रे अमेरिकेत १८९६ पासून दिसू लागली, पण ती सर्वसामान्यांच्या हाती गेली ती मिलवॉकीचे ओल एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये विक्रीला आणलेल्या इंजिनामुळे. दीड अश्वशक्तीचे ते इंजिन सुमारे २८ किलो वजनाचे होते आणि त्याचे गिऱ्हाईक होते वल्ह्याच्या होडीतून फिरणारे हौशी लोक. १९२० च्या दशकात ॲल्युमिनियमचा वापर वाढला आणि जॉन्सन बंधूंनी २ अश्वशक्तीचे इंजिन १६ किलोंच्या आसपास आणले. वजन इतके घटवायचे तर लहान सिलिंडरचे इंजिन वेगाने फिरवावे लागते, आणि इंजिन वेगाने फिरले की त्याला जोडलेला पाण्यातला पंखाही (प्रोपेलर) लहान व वेगवान ठेवण्याकडे कल जातो. मासेमारी होडीचे दुखणे याच निवडीत दडलेले होते.

जड होडीला ढकलताना पंख्याने थोड्या पाण्याला जोराचा झटका देण्यापेक्षा पुष्कळ पाणी हळूहळू मागे सारणे किफायतशीर ठरते, म्हणजेच व्यास मोठा आणि फेरे कमी असावे लागतात. पंख्याच्या आकाराने किती फरक पडतो हे पहिल्यांदा अपघातानेच दिसले. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ १८३७ मध्ये कालव्यात पंख्याच्या जागी लावलेला आपला लांब लाकडी स्क्रू तपासत असताना त्याचा एक भाग तुटून पडला, आणि होडी थांबण्याऐवजी अधिक वेगाने पळू लागली. पुढे चार्ल्स पार्सन्स यांच्या १८९४ च्या ‘टर्बिनिया’ या जहाजाने उलट बाजूचा धडा दिला. वाफेच्या टर्बाइनच्या प्रचंड फेऱ्यांवर एकच पंखा लावला, तेव्हा त्याच्या पात्यांवर पाण्याचा दाब इतका घसरला की वाफेच्या पोकळ्या तयार होऊन ताकद वाया जाऊ लागली. पार्सन्स यांनी पाण्याच्या बंद नळीत पंखे फिरवून ही पोकळ्यांची क्रिया डोळ्यांनी पाहिली, जहाजाला पंखे फिरवणारे तीन दांडे बसवून प्रत्येकावर तीन पंखे लावले, आणि १८९७ मध्ये तेच जहाज ३४ नॉटच्या (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) आसपास वेगाने धावले. इंजिन बलवान असून भागत नाही, त्याची ताकद पाण्याने स्वीकारावी लागते, याचा इतका ठळक पुरावा क्वचितच मिळतो.

होडीच्या तळाचा विचार इंग्रज अभियंते विल्यम फ्रूड यांच्यापासून शास्त्रीय झाला. इंग्लंडमधील टॉर्की येथे १८७२ पासून त्यांनी हौदात नमुने ओढून पाहिले आणि वेग वाढतो तसा विरोधाचा मोठा वाटा होडीने स्वतःच उठवलेल्या लाटांचा असतो हे मोजून दाखवले. त्यातून हाती आलेला ठोकताळा आजही उपयोगी पडतो : पाण्याच्या रेषेवरील लांबी मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला सुमारे २.४ ने गुणले की पाणी कापत चालणाऱ्या होडीचा व्यवहार्य कमाल वेग नॉटमध्ये मिळतो. लांबी ६ मीटर असेल तर तो ६ नॉटच्या आसपास येतो. त्यापुढे जायचे तर होडीने पाण्यावर उचलून सरकले पाहिजे, आणि त्यासाठी सपाट, रुंद मागचा भाग व हलके वजन लागते. अमेरिकन अभियंते डॅनियल साविट्स्की यांनी अशा सरकणाऱ्या तळांचे गणित १९६४ मध्ये सूत्रबद्ध केले. बर्फ, जाळी आणि मासळी यांनी भरलेली होडी मात्र अनेकदा या दोन अवस्थांच्या मध्येच अडकते, आणि सर्वांत जास्त इंधन तिथेच जळते.

दुसऱ्या महायुद्धानंतर लहान मासेमारी होड्यांच्या यांत्रिकीकरणाने वेग घेतला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९५३ मध्ये पॅरिस आणि मायामी येथे मासेमारी नौकांवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. पण शीड-वल्ह्यांच्या कित्येक पारंपरिक होड्या दोन्ही टोकांना निमुळत्या होत्या. त्यांवर आउटबोर्ड बसवायचे म्हणजे मागचे टोक कापून फळी लावणे किंवा बाजूला आडवा आधार देणे आले. निमुळत्या टोकाला उचल कमी, म्हणून इंजिनाच्या आणि चालकाच्या वजनाने ते खाली बसते. आजही मासळीचे खण व इंधनाच्या टाक्या पुढे सरकवल्याने वेग सुधारतो, त्यामागचे कारण हेच आहे. इंजिनाच्या दांड्याची लांबी सामान्यतः १५ किंवा २० इंच असते आणि पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीच्या आसपास यावी लागते. ती फार वर राहिली तर पंखा हवा ओढून मोकळा फिरतो, फार खाली गेली तर गिअरचे घर नुसतेच पाणी ओढत राहते.

१९७३ च्या तेलसंकटाने प्रश्नाचा रोख बदलला. तोवर वेग हा निकष होता, आता एका सागरी मैलाला किती लिटर, असा हिशेब आला. पाणी कापत चालणाऱ्या होडीत लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, त्यामुळे वेग १० टक्के उतरवला तर शक्ती सुमारे २७ टक्के आणि तेवढ्याच अंतराचे इंधन सुमारे १९ टक्के कमी लागते. माझ्या मते कोणत्याही नव्या सुट्या भागापेक्षा ही बचत मोठी आहे. तिच्याखालोखाल फायदा तळाचे शेवाळ व शिंपले खरवडून काढण्याचा आणि योग्य पिचचा (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा तत्त्वतः जितका पुढे सरकेल ते अंतर) पंखा निवडण्याचा. नेहमीचे ओझे भरून पूर्ण थ्रॉटल द्यावा. निर्मात्याने उदाहरणार्थ मिनिटाला ५,००० ते ६,००० फेऱ्यांची मर्यादा दिली असेल आणि इंजिन ४,५०० वरच अडत असेल, तर पंखा त्याला जड आहे. पिच १ इंचाने कमी केला की साधारण २०० फेरे वाढतात.

इंजिनातले बदल सावकाश आले. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये पाव ते ३० टक्क्यांपर्यंत इंधन न जळताच बाहेर पडे. अमेरिकेने १९९६ मध्ये नव्या आउटबोर्डच्या धुरावर मर्यादा घातल्या, आणि फोर-स्ट्रोक व थेट इंधन फवारणीची इंजिने झपाट्याने पसरली. मासेमारीच्या दृष्टीने मला त्याहून महत्त्वाची वाटतात ती जास्त ओढीची मॉडेले. १० अश्वशक्तीच्या आसपासच्या साध्या इंजिनात पंख्याच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे साधारण २ फेरे होतात, तर या प्रकारात जवळजवळ ३, आणि म्हणून त्यावर मोठ्या व्यासाचा पंखा चालतो. सुरुवातीच्या हलक्या इंजिनांनी सोडून दिलेली गोष्ट अशी गिअरच्या वाटेने परत आली.

मे २००० मध्ये नागरी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकण्यात आली, आणि खरा वेग मोजणे लहान होडीच्याही आवाक्यात आले. प्रवाहाचा परिणाम वजा व्हावा म्हणून त्याच पट्ट्यात जाताना व येताना असे दोन्ही वेग घेऊन त्यांची सरासरी काढतात, ती फेऱ्यांच्या आकड्याशेजारी लिहितात, आणि पंखा बदलल्यावर किंवा ओझे हलवल्यावर तीच नोंद पुन्हा करतात.