जुनं विमान जपायचं तर पैसा जातो कुठे?

मे 2012. इंग्लंडमधल्या डॉनकास्टरच्या धावपट्टीवर एक्सएच 558 हे जुनं व्हल्कन बॉम्बर वेग घेत होतं. काही सेकंदांत डाव्या बाजूचं एक इंजिन आतून मोडलं, त्याचे तुकडे शेजारच्या इंजिनात गेले आणि तेही निकामी झालं. वैमानिकांनी विमान धावपट्टीवरच थांबवलं, कुणालाही इजा झाली नाही. चौकशीत कारण निघालं सिलिका जेलच्या पिशव्या. नव्या बुटांच्या खोक्यात जी छोटी पुडी सापडते, तोच पदार्थ, फक्त मोठ्या पिशवीत. विमान उभं असताना इंजिनाला दमट हवा लागू नये म्हणून त्या पिशव्या हवा आत जाण्याच्या मार्गात ठेवल्या होत्या. उड्डाणाआधी काढायच्या राहून गेल्या.

ही ऑलिंपस इंजिनं आता कुणी बनवत नाही. याच घराण्यातलं पुढचं इंजिन काँकॉर्ड या आवाजाहून वेगवान प्रवासी विमानाला लागलं आणि तीही विमानं संग्रहालयांत जाऊन बसली. व्हल्कन सांभाळणाऱ्या ट्रस्टकडे न वापरलेली इंजिनं मोजकीच होती. त्यातली दोन एका फटक्यात गेली, आणि कितीही पैसे मोजले तरी तशी दोन पुन्हा मिळणार नव्हती.

जुन्या विमानांवर कोट्यवधी खर्च होतात हे आपण वाचतो आणि रंगरंगोटी, पॉलिश, नव्या सुट्या भागांवर ते जात असतील असं धरून चालतो. खरा खर्च दोन ठिकाणी होतो. एक, धातूच्या आत डोळ्यांना न दिसता चाललेली झीज थांबवण्यात. दोन, ती झीज थांबली आहे, हा पंख आजही भार पेलेल, हे सिद्ध करण्यात. माझ्या मते दुसरा खर्च पहिल्याहून मोठा असतो आणि त्याची कल्पना फार थोड्यांना असते.

आधी धातू. ॲल्युमिनियम गंजत नाही अशी आपली समजूत घरातल्या भांड्यांवरून झालेली आहे, आणि शुद्ध ॲल्युमिनियमपुरती ती बरीचशी खरी आहे. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर बसतो आणि तोच आतल्या धातूचं रक्षण करतो. पण शुद्ध ॲल्युमिनियम मऊ, त्याचं विमान होत नाही. 1906 साली आल्फ्रेड विल्म या जर्मन संशोधकाच्या लक्षात आलं, की थोडं तांबं आणि मॅग्नेशियम मिसळलेलं ॲल्युमिनियम तापवून पाण्यात बुडवलं आणि काही दिवस नुसतं ठेवून दिलं, तर ते आपोआप कठीण होत जातं. हेच ड्युरॅल्युमिन. धातूच्या विमानांचं सगळं युग या शोधावर उभं आहे.

पण ज्या तांब्याने ताकद दिली तेच तांबं पुढे घात करतं. मिश्रधातू बारीक कणांचा बनलेला असतो आणि तांब्याचे सूक्ष्म साठे त्या कणांच्या सीमांवर गोळा होतात. त्यात खारट ओलावा शिरला की दोन वेगळे धातू आणि मीठपाणी मिळून नकळत बॅटरीचा सेल तयार होतो. सीमेलगतचा धातू विरघळू लागतो, त्याची पांढरी भुकटी होते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून पत्रा आतून फुगतो आणि करंजीच्या पारीसारखे त्याचे पापुद्रे सुटतात. वरचा रंग तेव्हाही शाबूत असू शकतो. बोटाने दाबून बघितल्यावरच कळतं की आत पीठ झालेलं आहे.

यावर 1920च्या दशकात अमेरिकेत एक उपाय निघाला आणि तो आपल्याला समजायला सोपा आहे, कारण कल्हई आपण पाहिलेली आहे. ड्युरॅल्युमिनच्या पत्र्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवायचा. याला अल्क्लॅड म्हणतात. कल्हईहून हा थर एका बाबतीत सरस आहे. कल्हई उडाली की खालचं पितळ उघडं पडतं. इथे ओरखडा पडला तरी आजूबाजूचं शुद्ध ॲल्युमिनियम आधी झिजतं आणि आतल्या मिश्रधातूला वाचवतं. मात्र थर अगदी पातळ असतो. हौशी मंडळी दरवर्षी मोठ्या प्रेमाने विमान आरशासारखं घासून चमकवतात, तेव्हा तो थर थोडा थोडा निघून जात असतो. काही वर्षांनी चमक राहते आणि कल्हई गेलेली असते.

मीठ किती खोलवर जातं याचा एक धडा ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमने जून 2013 मध्ये गिरवला. ऑगस्ट 1940 मध्ये इंग्लिश खाडीत पडलेलं डॉर्निअर 17 हे जर्मन बॉम्बर त्यांनी समुद्रतळावरून वर काढलं. सत्तर वर्षं पाण्यात राहूनही त्याचा आकार ओळखू येत होता. खरा धोका आता होता, कारण बाहेर काढलेल्या धातूला भरपूर ऑक्सिजन मिळतो आणि आत मुरलेले क्लोराइड कामाला लागतात. तसंच वाळू दिलं असतं तर विमानाचा चुरा झाला असता. म्हणून संग्रहालयाच्या कॉसफर्डच्या शाखेत पॉलिहाऊससारखे लांब बोगदे उभारले, त्यात विमानाचे भाग ठेवले आणि त्यांच्यावर महिनोन्‌महिने सायट्रिक आम्लाचं सौम्य द्रावण फवारलं. सायट्रिक आम्ल म्हणजे लिंबाचं आम्ल. आपल्याकडे तांब्याचा हंडा चिंचेने किंवा लिंबाने घासतात, तेच तत्त्व. फरक एवढाच, की इथे द्रावणाची आम्लता नेमकी राखावी लागते. जास्त झाली तर मीठ निघेल आणि विमानही निघून जाईल. हे प्रमाण ठरवायला लंडनच्या इंपीरियल कॉलेजचे धातुशास्त्रज्ञ कामाला लागले होते. आणि हे सगळं एका अशा विमानासाठी, जे पुन्हा कधी उडणार नाही.

उडवायचं ठरवलं की दुसरा शत्रू पुढे येतो, तो म्हणजे थकवा. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, हे लहानपणी सगळ्यांनी करून पाहिलेलं असतं. प्रत्येक उड्डाणात पंख वर वाकतो, उतरल्यावर खाली येतो, वाऱ्याच्या झोतांनी मधल्या मधे शेकडो वेळा हलतो. पोलादाला निदान एक मर्यादा असते. त्याखालचा ताण कितीही वेळा आला तरी ते तुटत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. छोटा ताणही पुरेशा वेळा आला तर तडा जाणारच, प्रश्न फक्त कधीचा. म्हणून विमानाच्या आयुष्यातला प्रत्येक तास नोंदवलेला असावा लागतो, आणि कागद हरवले असतील तर कितीही सुंदर विमान परवान्याच्या दृष्टीने अनोळखीच राहतं. तडे शोधायला क्ष-किरण लावतात, रंगीत द्रव लावून भेगांमध्ये तो मुरतो का ते बघतात, विद्युतचुंबकीय प्रवाह सोडून धातूच्या आतली खोट चाचपतात. या तपासण्या एकदा करून भागत नाही.

व्हल्कनकडे परत येऊ. शीतयुद्धात अणुबॉम्ब नेण्यासाठी बनवलेलं हे त्रिकोणी पंखांचं विमान 1960 मध्ये हवाई दलात आलं आणि 1993 मध्ये निवृत्त झालं. ते पुन्हा उडवण्याच्या कामाला ब्रिटनच्या लॉटरीतून चालणाऱ्या वारसा निधीने 27 लाख पौंडांहून अधिक रक्कम दिली. बाकीचे पैसे लोकांनी दिले, कुणी पाच पौंड, तर एका दानशूर उद्योजकाने पाच लाख. ऑक्टोबर 2007 मध्ये विमान आकाशात गेलं तोवर 70 लाख पौंडांच्या आसपास खर्च झाला होता. पुढे ते उडतं ठेवायला वर्षाला सुमारे 20 लाख पौंड लागत होते.

तरीही ते थांबलं. 28 ऑक्टोबर 2015 हे त्याचं शेवटचं उड्डाण. पैसे संपले म्हणून ते थांबलं नाही. ब्रिटिश नियमांप्रमाणे इतक्या गुंतागुंतीच्या विमानाच्या मागे तांत्रिक जबाबदारी घेणाऱ्या कंपन्या उभ्या असाव्या लागतात आणि त्या कंपन्यांनी आता पुरे असं ठरवलं. या विमानाचे उड्डाणतास तोवर इतर कुठल्याही व्हल्कनपेक्षा दहा टक्क्यांनी जास्त झाले होते. म्हणजे पुढे काय होईल हे सांगायला जगात दुसरं उदाहरणच उरलं नव्हतं. शिवाय विमानाचा हा प्रकार समजणारे अभियंते निवृत्तीच्या वयाला आले होते. माणसांच्या हातातलं ज्ञान विकत घेता येत नाही, ही जुन्या विमानांच्या हिशेबातली सगळ्यात अवघड ओळ आहे.

सगळ्याच विमानांना इतका खर्च येत नाही, आणि का येत नाही हे दोन उदाहरणांतून नीट कळतं. लुफ्तान्सा या जर्मन विमान कंपनीच्या प्रतिष्ठानने 2007 च्या अखेरीस अमेरिकेतल्या मेन राज्यात लिलावात तीन जुनी लॉकहीड स्टारलायनर प्रवासी विमानं घेतली, तिन्ही मिळून साडेसात लाख डॉलरच्या आसपास. बेत असा की एक विमान पूर्ण दुरुस्त करून त्यातून प्रवासी न्यायचे, बाकी दोन सुट्या भागांसाठी. दहा वर्षं काम चाललं, खर्च 10 कोटी युरोंच्या पुढे गेला आणि 2018 मध्ये कंपनीने ते थांबवलं. विमान न उडताच जहाजाने जर्मनीला गेलं. या प्रकारची एकूण 44 विमानंच बनली होती. बाजारात सुटे भाग नाहीत, म्हणजे प्रत्येक भाग नव्याने घडवायचा. त्यासाठी साचा करायचा, धातूची चाचणी घ्यायची, कागदपत्रं तयार करायची. जो खर्च एकेकाळी हजार नगांवर वाटला जायचा तो आता एकाच नगावर पडतो. त्यात प्रवासी न्यायचे म्हटल्यावर आजच्या विमानाइतकाच पुरावा द्यावा लागतो.

त्याच वर्षी, एप्रिल 2018 मध्ये, एक डाकोटा, म्हणजे महायुद्धाच्या काळातलं मालवाहू विमान, इंग्लंडहून स्वतःच्या पंखांवर उडत भारतात आलं. राजकारणी आणि उद्योजक राजीव चंद्रशेखर यांनी ते विकत घेऊन, दुरुस्त करवून भारतीय हवाई दलाला भेट दिलं. त्यांचे वडील हवाई दलात डाकोटा चालवत. विमानाचं नाव ठेवलं परशुराम आणि क्रमांक दिला व्हीपी 905, ऑक्टोबर 1947 मध्ये शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा. हे जमलं कारण डाकोटा दहा हजारांहून अधिक बनली आहेत, तिचे भाग आजही मिळतात आणि तिची केबिन दाबाखाली नसते. उंचीवर फुगायचं आणि खाली आल्यावर आक्रसायचं हा ताण तिच्या धातूला कधी पडलाच नाही.

पुराव्याच्या बाबतीत कसर केली की काय होतं, हेही लिहायला हवं. ऑगस्ट 2018 मध्ये स्वित्झर्लंडच्या डोंगरात जुनं युंकर्स 52 विमान कोसळलं, 20 जण गेले. मुख्य कारण वैमानिकांनी घेतलेला धोका हे होतं, पण अवशेष तपासताना गंज आणि तडे सापडले आणि ते तपासणीत कुणाच्या नजरेला आलेले नव्हते. पुढच्याच वर्षी अमेरिकेत प्रवासी घेऊन उडणारं बी-17 हे महायुद्धातलं बॉम्बर पडलं, सात जण गेले, आणि तिथे तपासयंत्रणेने देखभालीतल्या त्रुटींवर बोट ठेवलं. माणसं बसवून जुनं विमान उडवायचं तर या खर्चात काटकसर नको, असं मला ठामपणे वाटतं. नसेल जमत तर उभं ठेवावं.

उभं ठेवणंही आपल्याकडे सोपं नाही. महायुद्धानंतर कानपूरला टाकून दिलेली, मुद्दाम मोडतोड केलेली लिबरेटर बॉम्बर विमानं बेंगळुरूच्या एचएएल या विमान कारखान्याने दुरुस्त केली आणि आपल्या हवाई दलाने ती 1968 पर्यंत वापरली. पुण्याच्या लोहगाव तळावरच्या सहाव्या स्क्वाड्रनकडेही ती होती. आज लंडनच्या संग्रहालयात आणि ॲरिझोनाच्या कोरड्या वाळवंटात जी लिबरेटर उभी आहेत, ती भारतीय हवाई दलातूनच गेलेली. आपल्या दुरुस्तीमुळे ती वाचली, याचा अभिमान वाटायला हवा.

लोहगावलाच लिबरेटरनंतर एअर इंडियाची जुनी सुपर कॉन्स्टेलेशन विमानं आली आणि 1976 मध्ये ती नौदलाकडे गोव्याला गेली. लुफ्तान्साने ज्यावर कोट्यवधी ओतले त्या स्टारलायनरची ही थोरली बहीण. त्या विमानांतलं एक गोव्यातल्या बोगमाळोच्या वाटेवर नौदलाच्या विमान संग्रहालयात उघड्यावर उभं आहे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी पावसाळ्यात पाझरते ती हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली म्हणून. कोकण-गोव्यात हे महिनोन्‌महिने चालतं. पत्र्याच्या सांध्यांत बसलेलं समुद्राचं मीठ तसंच पाझरतं आणि वर सांगितलेला सेल सुरू होतो.

यावरचा उपाय मात्र स्टारलायनरच्या खर्चापुढे काहीच नाही. गोड्या पाण्याने नियमित धुणं, पाणी साचतं तिथे निचऱ्याची भोकं मोकळी ठेवणं, सांध्यांत मेणासारखं गंजरोधक फवारणं, आणि डोक्यावर छप्पर. छपराखाली बाजूंनी भिंती आणि आत हवा कोरडी करणारी यंत्रं असली तर उत्तमच. बोगमाळोला गेलात तर त्या विमानाच्या पोटाखाली उभं राहून रिव्हेटच्या डोक्यांभोवती नीट बघा. रंग फुगलेला दिसतो का, पांढरी भुकटी आहे का, पाणी कुठून ठिबकतंय.