१८७७चा ‘इंडियन हेड’ सेंट : घरात सापडला तर आधी हे वाचा

नावापासूनच सुरुवात करू, कारण आमच्या जुन्या नाण्यांच्या दुकानात येणारे बरेच जण तिथेच फसलेले असतात. ‘इंडियन हेड’मधल्या इंडियनचा आपल्या देशाशी काडीचाही संबंध नाही. हे अमेरिकेचं एक सेंटचं नाणं. १८५९ ते १९०९ या काळात निघालं. त्यावर पिसांचा टोप घातलेली स्वातंत्र्यदेवता आहे. टोप तिथल्या मूळ रहिवाशांच्या पद्धतीचा, म्हणून हे नाव. चित्र फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतले मुख्य ठसेकार जेम्स लाँगेकर यांचं. ‘ब्रिटिश काळात अमेरिकेने भारतासाठी पाडलेलं दुर्मीळ नाणं’ असं सांगून कुणी ते गळ्यात मारत असेल, तर सरळ उठून यावं.

मुलगी-जावई किंवा नातवंडं अमेरिकेत आहेत, त्यांनी येताना डबीभर जुनी नाणी आणली आणि आजोबांनी ती आमच्याकडे दाखवायला आणली, हे आता नेहमीचं झालंय. त्या डबीतले बहुतेक सेंट शे-दोनशे रुपयांचे असतात. सगळ्यांची नजर मात्र एकाच सालावर असते : १८७७.

त्या वर्षी फक्त ८,५२,५०० सेंट पडले. आदल्या वर्षी ७९ लाखांहून जास्त, पुढच्या वर्षी ५७ लाखांहून जास्त. मधेच हा खड्डा का? १८७३च्या आर्थिक कोसळणीनंतर अमेरिकेत मंदी रेंगाळली होती आणि बाजारात सुट्ट्याची मागणीच नव्हती. त्यात १८७१च्या कायद्याने लोकांकडची जुनी चिल्लर सरकार परत घ्यायला लागलं होतं. तीच पुन्हा वाटता येत असताना नवी पाडायची कशाला?

पण संख्या कमी म्हणजे किंमत जास्त, एवढं हे गणित सोपं नाही. याच मालिकेतला सॅन फ्रान्सिस्कोत पाडलेला १९०९चा सेंट ३,०९,००० इतकाच आहे, म्हणजे १८७७च्या निम्म्याहूनही कमी. तरी चांगल्या अवस्थेत १८७७चाच भाव चढा असतो. १९०९मध्ये लिंकनचं नवं नाणं आलं, तेव्हा जुनं संपतंय म्हणून लोकांनी ते जपून ठेवलं. १८७७मध्ये सेंट बाजूला काढून ठेवावा असं कुणाला वाटलं असेल? सगळे खर्चात गेले आणि झिजले. आज टंचाई आहे ती न झिजलेल्या नाण्यांची.

अस्सल की बनावट, हा पुढचा प्रश्न. गेल्या दिवाळीत एक काका असाच एक सेंट घेऊन आले. साल स्वच्छ १८७७. वजन ३.११ ग्रॅम, व्यास १९ मिलिमीटर, कड गुळगुळीत. सगळं जुळत होतं. नाणं पालथं करून दहापट भिंगाखाली धरलं. ‘वन सेंट’ या अक्षरांतला ‘एन’ अगदी ठसठशीत, खोल. तिथेच शंका आली. चलनासाठी पाडलेल्या अस्सल १८७७च्या नाण्यावर या ‘एन’ची तिरपी रेघ उथळ, पुसट असते. खोल ‘एन’ संग्राहकांसाठी वेगळ्या पाडलेल्या, आरशासारख्या प्रूफ नाण्यांवर सापडतो आणि काकांचं नाणं तर खिशात फिरून झिजलेलं. मग शेवटच्या सातावर भिंग नेलं. आकड्याभोवतीची जमीन जरा खरवडल्यासारखी, बाकीच्या पृष्ठभागापेक्षा वेगळी चमकत होती. दुसरा कुठला तरी आकडा कोरून सात केलेला. काकांना चहा दिला आणि सांगितलं. वजन जुळलं म्हणजे नाणं अस्सल, असं समजू नका. साल बदललेल्या नाण्याचं वजन जुळणारच, कारण नाणं खरंच असतं, खोटं असतं ते फक्त साल.

आता प्रत, म्हणजे ग्रेडिंग. जगभर १ ते ७० ही मोजपट्टी चालते. विल्यम शेल्डन यांनी ती १९४९मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी मांडली. ७० गुणांचं नाणं १ गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचं, असा त्यांचा हिशेब होता. तो हिशेब केव्हाच मोडला, पट्टी मात्र टिकली.

घरी बघायचं तर टोपाच्या पट्टीवरचा ‘लिबर्टी’ हा शब्द शोधा. एकही अक्षर दिसत नसेल तर नाणं जी-४ (‘गुड’, पुढचा आकडा गुणांचा) किंवा त्याखाली. काही अक्षरं उमटत असतील तर व्हीजी-८ (‘व्हेरी गुड’). शब्द बहुतांशी वाचता आला तर एफ-१२ (‘फाइन’). सगळी अक्षरं आहेत पण सारखी झिजलेली असतील तर व्हीएफ-२० (‘व्हेरी फाइन’). शब्द ठळक आणि पिसं रेखीव असतील तर एक्सएफ-४० (‘एक्स्ट्रीमली फाइन’). त्यावर गेलं की कानावरचे केस आणि सर्वांत खालची बट बघायची. झीज आधी तिथे दिसते. न वापरलेली नाणी ६०पासून पुढे, आणि तिथे एकेका गुणाला मोठी रक्कम लागते. हे काम पीसीजीएस किंवा एनजीसीसारख्या, नाणी तपासून प्रत ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेवर सोडावं. आमचं मतही तिथे फक्त अंदाज.

कांस्याच्या नाण्याला रंगाचीही प्रत असते. १८६४पासून या सेंटमध्ये ९५ टक्के तांबं, बाकी कथील आणि जस्त. टांकसाळीतून निघताना तो लालसर केशरी असतो, मग हवेने तपकिरी होत जातो. जवळजवळ पूर्ण मूळ रंग असेल तर ‘रेड’, मधला ‘रेड-ब्राऊन’, उरलेला ‘ब्राऊन’. गुण तेच असले तरी ‘रेड’ला ‘ब्राऊन’च्या कितीतरी पट भाव येतो.

म्हणून हात जोडून विनंती : नाणं धुऊ नका. देवाची भांडी घासावीत तशी चिंच, लिंबू, राख लावून लखलखीत केलेली नाणी आमच्याकडे येतात, तेव्हा जीव तुटतो. घासलेल्या तांब्याचा गुलाबी झगझगाट मूळ लालीपेक्षा निराळा असतो आणि जाणकार तो लांबूनच ओळखतो. अशा नाण्याला संस्था गुणांची प्रत देत नाहीत, ‘क्लीन्ड’ असा शेरा मारतात आणि भाव उतरतो. हिरवा कळंक दिसला तरी खरवडू नका, तसंच घेऊन या.

भावाचं बोलायचं तर ‘लिबर्टी’ पुसलेलं अस्सल १८७७ही काही शे डॉलरना जातं. एक्सएफच्या आसपास हजारांची भाषा सुरू होते. एमएस-६५ (‘मिंट स्टेट’, म्हणजे न वापरलेलं) रेड दहा हजारांच्या पुढे, आणि अगदी वरच्या प्रतीच्या लाल नाण्यांनी लिलावात लाखाचा टप्पाही ओलांडला आहे, अर्थात डॉलरमध्ये. हेरिटेज, स्टॅक्स बोवर्स या लिलावघरांच्या जुन्या विक्रीच्या नोंदी इंटरनेटवर बघायला मिळतात. तिथला ‘प्राइस रिअलाइज्ड’, म्हणजे प्रत्यक्ष विक्रीचा आकडा बघा. कुणीतरी मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. त्या आकड्यात घेणाऱ्याने लिलावघराला वर भरलेला प्रीमियमही असतो, बहुधा २० टक्क्यांच्या आसपास, तो विकणाऱ्याच्या हाती पडत नाही.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. शंभर वर्षांहून जुनी नाणी आपल्याकडे १९७२च्या पुरावशेष कायद्यात येतात आणि ती परदेशी पाठवण्यावर बंधनं आहेत. नाणं अजून मुलीकडे अमेरिकेतच असेल तर प्रमाणपत्र तिथेच करून घ्या, मगच इकडे आणायचं की तिथेच विकायचं ते ठरवा.

दुकानात येताना नाणं कागदी पाकिटात किंवा मऊ कापडात, एकेक वेगळं आणा. बोटांनी कडेला धरा. भिंगाखाली बघायचे आम्ही पैसे घेत नाही.