धूम्रपानाचं व्यसन : ‘मनावर घे’पासून उपचारापर्यंत

सिगारेट सोडायची तर ‘मनावर घे’, एवढाच सल्ला मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. रात्रपाळी करणाऱ्या गिरणी कामगाराची बिडी सुटली नाही, तर दोष त्याच्या कच्च्या मनाचा. वैद्यकशास्त्र तरी कुठे फार पुढे होतं? ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल या संशोधकांनी १९५० मध्येच धूम्रपानाचा फुफ्फुसाच्या कर्करोगाशी संबंध दाखवला. तरीही अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या) १९६४ च्या अहवालाने ते व्यसन मानलं नाही, सवय म्हणून सोडून दिलं. निकोटिन हे हेरॉइन-कोकेनसारखंच व्यसन लावतं, असं स्पष्ट सांगायला त्याच कार्यालयाला १९८८ उजाडलं. या २४ वर्षांत किती माणसांनी स्वतःलाच दूषणं दिली असतील, याचा विचार मला अस्वस्थ करतो.

झुरका घेतला की काही सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं, डोपामिन हे सुखाची जाणीव देणारं रसायन सुटतं आणि बरं वाटतं. मेंदू त्याला सरावतो. मग रात्रभराच्या खंडानंतर सकाळी तलफ येते ती मजेसाठी नसते, चिडचिड आणि बेचैनी थांबवण्यासाठी असते. म्हणूनच व्यसन मोजण्याच्या फागरस्ट्रॉम चाचणीतला कळीचा प्रश्न असा : उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने ओढता? पाच मिनिटांच्या आत ओढत असाल, तर पकड घट्ट.

उपचारांची सुरुवात पाणबुडीतून झाली. आत धूम्रपान करता येत नाही म्हणून स्वीडिश खलाशी तंबाखू चघळत. त्यावरून १९६० च्या दशकाअखेरीस स्वीडिश शास्त्रज्ञ ओवे फर्नो यांना निकोटिनच्या च्युइंगगमची कल्पना सुचली. हा गम बबलगमसारखा चावत राहायचा नसतो. हळू चावायचा, जिभेला चुरचुरलं की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचा. हे कुणी समजावून देत नाही, मग घसा जळतो, उचकी लागते आणि लोक दोन दिवसांत गम टाकून देतात. पुढे १९९७ मध्ये ब्युप्रोपिऑन आणि २००६ मध्ये व्हॅरेनिक्लिन या गोळ्यांना धूम्रपान सोडवण्यासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायच्या. औषधाला समुपदेशनाची जोड मिळाली, तर सुटण्याची शक्यता आणखी वाढते.

सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले ते मुंबईचेच काँग्रेस नेते मुरली देवरा. २००१ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला. २००३ मध्ये कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदीचे कडक नियम आले. त्यामुळे लोकलच्या फलाटावरचा धूर कमी झाला, पण ओढणाऱ्याची तलफ तिथेच राहिली. तिच्यासाठी सरकारची मोफत क्विटलाइन, म्हणजे व्यसन सोडायला फोनवरून मदत करणारी सेवा, २०१६ मध्ये सुरू झाली. सप्टेंबर २०१८ पासून तिचा नंबर पाकिटावर छापणं सक्तीचं झालं.

मात्र टपरीवर सुटी सिगारेट घेऊन तिथेच लोंबकळणाऱ्या लायटरने पेटवणाऱ्याच्या हातात पाकीट येतच नाही. महाराष्ट्राने सुट्या विक्रीवर २०२० मध्ये बंदी घातली, तरी ती सर्रास चालते. म्हणून तो नंबर इथे देतो : १८००-११-२३५६.