युद्धखेळातील लघुसैनिकांचे रंगकाम

टेबलावर मांडून खेळल्या जाणाऱ्या ऐतिहासिक युद्धखेळासाठी धातूचे, प्लॅस्टिकचे किंवा रेझिनचे छोटे सैनिक त्या त्या काळातील गणवेशाप्रमाणे रंगवण्याची कला. हे सैनिक सामान्यतः ६ ते २८ मिमी. उंचीचे असतात. प्रदर्शनासाठी रंगवलेली ५४ किंवा ७५ मिमी.ची मूर्ती डोळ्यांजवळ धरून पाहिली जाते. युद्धखेळातला सैनिक हातभर अंतरावरून आणि वीस-तीस जणांच्या तुकडीत दिसतो, शिवाय खेळताना तो सतत हाताळला जातो. त्यामुळे दुरून उठून दिसणारी रंगांतील ठळक फरक आणि हाताळणी सोसणारा थर यांना बारीक कलाकुसरीपेक्षा अधिक महत्त्व असते.

उगम : रंगीत सैनिकांचा इतिहास आणि युद्धखेळाचा इतिहास दीर्घकाळ वेगवेगळे चालले. प्रशियात फोन राइसव्हिट्झ पिता-पुत्रांनी १८१२ ते १८२४ या काळात विकसित केलेल्या क्रीग्जश्पील या खेळात तुकड्या तांबड्या-निळ्या ठोकळ्यांनी दाखवीत. सैनिकांच्या प्रतिमांना तेथे स्थान नव्हते. कथिलाचे चपटे सैनिक मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून न्यूरेंबर्ग येथे ओतले जात. योहान गोटफ्रीड हिल्पर्ट यांची कार्यशाळा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये घरगुती युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले, तेव्हा प्रचारात असलेले पोकळ शिशाचे सैनिक कारखान्यातूनच रंगवून येत. रंगकाम खेळाडूच्या अंगावर आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. कॅलिफोर्नियातील जॅक स्क्रबी यांनी १९५० च्या दशकात स्वस्त ओतीव सैनिक युद्धखेळाडूंना पुरवण्यास सुरुवात केली, आणि दशकाच्या अखेरीस एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचे मऊ प्लॅस्टिकचे सैनिक बाजारात आले. कडक प्लॅस्टिकचे २८ मिमी. ऐतिहासिक संच साधारणपणे २००७ नंतर रूढ झाले.

छायाप्रकाश रंगवून दाखवण्याची पद्धत कोठून आली, याविषयी दोन मते संभवतात. एका मतानुसार ती विसाव्या शतकातील हौशी मूर्तिकारांकडून आली, कारण खेळण्यातल्या सैनिकांवर चकचकीत सपाट रंगच असे. दुसऱ्या मतानुसार तिचे मूळ चपट्या कथिली सैनिकांत आहे. चपट्या आकृतीला खोली जवळजवळ नसते. घड्या, गालफडे, घोड्याचे स्नायू हे सर्व रंगानेच उभे करावे लागते. हे दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. मात्र स्वस्त चपटे सैनिक घरोघरी मजुरीवर सपाट रंगानेच रंगवले जात, हेही लक्षात घ्यावे लागते.

माप : ‘२८ मिमी.’ म्हणजे नेमके काय, यावर एकवाक्यता नाही. टोप व शिरस्त्राण यांमुळे डोक्याचा माथा सापडत नाही, म्हणून बरेच उत्पादक तळव्यापासून डोळ्यापर्यंतचे अंतर मोजतात. माणसाचा डोळा १·६ मी. उंचीवर धरला, तर प्रमाण सुमारे १/५७ येते, १·७ मी.ची पूर्ण उंचीच २८ मिमी. मानली, तर ते १/६१ होते. दोन उत्पादकांचे सैनिक एका तुकडीत मिसळले की हा फरक लगेच डोळ्यांत भरतो, दोन वेगळ्या तुकड्यांत तो खपून जातो. १९७० च्या दशकातील २५ मिमी. सैनिक हळूहळू फुगत २८ मिमी.पर्यंत आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. डोकी, हात आणि शस्त्रे तर मुद्दामच जाड घडवतात. १/५७ प्रमाणात २ सेंमी. जाडीची बंदुकीची नळी ०·३५ मिमी. भरेल, इतकी बारीक धातूची काडी ओतताना साचा भरत नाही आणि भरला तरी ती पहिल्याच खेळात वाकते. भाले म्हणूनच अनेक जण कापून टाकतात व हातड्रिलने मूठ पोखरून त्या जागी पोलादी तार बसवतात.

तयारी : साच्याच्या दोन भागांची सांधरेषा सुरीच्या पाठीने किंवा बारीक कानशीने काढतात. ती राहिली, तर पुढे कोरडा ब्रश (रंग जवळजवळ पुसून टाकलेला ब्रश) फिरवताना रंग नेमका तिच्यावरच बसतो आणि चेहऱ्यावर व्रण असल्यासारखे दिसते. नंतर कोमट साबणपाण्याने धुऊन साच्यातील भुकटी व तेलकटपणा घालवतात. कडक प्लॅस्टिक विरघळवून जोडणारा सिमेंट धातूला व रेझिनला लागत नाही. तेथे सुपरग्लू वापरतात. १/७२ प्रमाणातील मऊ पॉलिथिनचे सैनिक हे सर्वांत त्रासदायक. या प्लॅस्टिकचा पृष्ठभाग रंगाला धरूनच ठेवत नाही, त्यात संगिनी वाकतात, आणि वाकताना रंगाचे पापुद्रे निघतात. लवचीक अस्तर देऊनही हा दोष पूर्णपणे जात नाही.

अस्तर म्हणून फवाऱ्याचा प्रायमर २० ते ३० सेंमी. अंतरावरून, थांबत थांबत देतात. उष्ण हवेत किंवा फार दुरून फवारल्यास थेंब वाटेतच सुकतात व पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो. त्यावर कितीही चांगला रंग दिला तरी तो खरखरीतपणा लपत नाही. काळे अस्तर सावली फुकट देते, पण वरचे रंग मंद करते. पांढऱ्यावर रंग खुलतात, चुकलेली जागा मात्र ठळक दिसते. सर्वत्र काळा देऊन वरून तिरपा पांढरा फवारण्याची पद्धत या दोहोंमधली आहे आणि पातळ पारदर्शक रंगांसाठी ती विशेष सोयीची पडते.

रंगकाम : सैनिक लाकडी पट्टीवर किंवा बाटलीच्या बुचावर तात्पुरते चिकटवून आठ ते बारांच्या गटाने रंगवतात, १५ मिमी.साठी वीस-तीसचा गटही चालतो. एक रंग सर्वांना देऊन मगच दुसरा उघडतात. क्रम आतून बाहेर असतो : त्वचा, विजार, कोट, पट्टे, पिशव्या, बंदूक, शेवटी धातू. अॅक्रिलिक रंग दुधाइतका पातळ करून दोन थर देतात. एक जाड थर बटणे व घड्या बुजवतो. पिवळा, तांबडा आणि पांढरा हे रंग झाकण्यात कमकुवत आहेत. पिवळ्याखाली गेरूसारखा किंवा खाकी, तांबड्याखाली तपकिरी आणि पांढऱ्याखाली फिकट राखाडी दिल्यास एक-दोन थर वाचतात. शुद्ध पांढरा फक्त उठावाच्या कडांसाठी राखून ठेवणे बरे.

नेपोलियनकालीन पायदळात छातीवरच्या पांढऱ्या फुली-पट्ट्यांवर सगळी तुकडी ‘वाचली’ जाते. २८ मिमी. सैनिकावर हा पट्टा जेमतेम दीड मिमी. रुंद असतो. आधी पट्ट्याची जागा गडद तपकिरीने थोडी जास्तच रुंद रंगवतात, मग मधोमध पांढरा असा ओढतात की दोन्ही बाजूंना केसाएवढी गडद रेघ उरेल. पांढऱ्यावर नंतर गडद रेघा मारत बसण्यापेक्षा हे सोपे जाते. डोळ्यांबाबत मतभेद आहेत, १५ मिमी.मध्ये ते सोडून देतात, तर २८ मिमी.मध्ये डोळ्याच्या पांढऱ्या भागावर काळा ठिपका दिल्यास सैनिक दचकल्यासारखा दिसतो. भुवईखाली तपकिरी सावली पुरते.

वॉश म्हणजे पातळ गडद रंग; तो खोलगट भागांत साचून सावली देतो. सपाट जागी तो साचू दिला, तर कडेला पाणी आधी उडते, रंगद्रव्य तिकडे ओढले जाते व वर्तुळाकार डाग पडतो. ओला असतानाच कोरड्या ब्रशने जादा वॉश टिपून घ्यावा. अर्धवट सुकलेल्या वॉशला हात लावल्यास थर फाटतो. मोठ्या फौजांसाठी लाकडाला लावायचे तपकिरी छटेचे वॉर्निश ब्रशने लावण्याचीही पद्धत आहे. ते किमान एक दिवस वाळू देऊन चमक मॅट वॉर्निशने मारावी लागते.

घोड्यांसाठी तैलरंग सोयीचे. नारिंगी-तपकिरी थर पूर्ण वाळल्यावर गडद अंबर (मातकट तपकिरी) तैलरंग सर्वत्र लावून काही मिनिटांनी फडक्याने पुसतात. उंचवट्यावरचा निघतो, घळीतला राहतो. तांबूस तपकिरी ‘बे’ घोड्याची आयाळ, शेपूट व पायांचा खालचा भाग काळा असतो, तर ‘चेस्टनट’ घोड्याची आयाळ अंगाच्याच किंवा त्याहून फिकट रंगाची असते. ही चूक जाणकारांच्या नजरेतून सुटत नाही.

गणवेश : रंगाचा आधार नियमावलींपासून घ्यावा की रणांगणावरील अवस्थेपासून, हा जुना वाद आहे. ब्रिटिश पायदळात शिपायाचा कोट मंजिष्ठेने रंगवलेला, विटकरीकडे झुकणारा, तर अधिकाऱ्याचा कोचिनियल या किड्यापासून काढलेल्या रंगाचा, लखलखीत किरमिजी-तांबडा असे. एकाच तुकडीत दोन तांबडे वापरण्यास त्यामुळे भक्कम आधार आहे. फ्रेंच पायदळाला पांढरे कोट देण्याचा १८०६ चा हुकूम निळीच्या टंचाईमुळे निघाला असे सांगितले जाते. तो पुढच्याच वर्षी मागे घेतला गेला, त्यामुळे पांढऱ्या कोटातील तुकडी फारच मर्यादित काळापुरती योग्य ठरते. १८१२ च्या नियमावलीचा आखूड कोटही प्रत्यक्ष अंगावर येण्यास वेळ लागला. रशियाच्या मोहिमेसाठी जुना नमुना रंगवणे अधिक सुरक्षित. ज्या सैन्यांना ठरावीक गणवेशच नव्हता, त्यांच्यासाठी मातकट रंगांचा संच ठरवून कोणतेही दोन शेजारी सारखे न ठेवणे हाच व्यवहार आहे.

तळ व जतन : नियमांनुसार अनेक सैनिक एका तळावर बसवतात, प्राचीन काळातील युद्धांवरच्या खेळांत १५ मिमी.साठी ४० मिमी. व २५-२८ मिमी.साठी ६० मिमी. रुंदीचा तळ रूढ आहे. पांढऱ्या गोंदावर वाळू, त्यावर गडद तपकिरी, फिकट रंगाचा कोरडा ब्रश आणि शेवटी कृत्रिम गवत असा क्रम असतो. कागदी निशाण गोंद ओला असतानाच काठीच्या वरच्या टोकापासून तिरप्या लाटांत वळवतात व कडेची पांढरी कागदरेषा रंगवून टाकतात.

मॅट वॉर्निशातील चमक मारणारी भुकटी तळाशी बसते. बाटली पुरेशी हलवली नाही किंवा दमट हवेत फवारले, तर सैनिकांवर पांढरे धुके धरते. चकचकीत वॉर्निशाचा एक थर देऊन ते बहुधा घालवता येते.

जुन्या शिशाच्या सैनिकांना जडणारा ‘शिसेकूज’ हा वेगळाच प्रकार. लाकडी कपाटे, विशेषतः ओकची, व काही पुठ्ठे यांतून निघणाऱ्या सेंद्रिय आम्लांच्या वाफेने शिशाचे पांढरे कार्बोनेट बनते, रंग आतून फुगतो आणि बारीक संगिनी आधी झडतात. त्याची कथिलाच्या थंडीतील विघटनाशी गल्लत केली जाते. शुद्ध कथिल १३ अंश से.खाली भुकटी होऊ शकते, पण शिसे किंवा अँटिमनी मिसळलेल्या मिश्रधातूत हे क्वचितच घडते. शिसेकुजीची पांढरी भुकटी विषारी असल्याने ती फुंकरीने उडवू नये. हातमोजे घालून ओल्या फडक्याने टिपावी आणि तो सैनिक इतरांपासून दूर, काचेच्या किंवा धातूच्या, हवा खेळत्या कपाटात ठेवावा.